वाळवंटी गुलाब आणि दख्खनचे स्फटिक

वाळवंटातील खारे भूजल आटू लागले की जिप्समच्या चकत्या वाळूचे कण पोटात घेत एकमेकींत गुंफल्या जातात; हाच 'वाळवंटी गुलाब'. हिंगोली जिल्ह्यात तो शोधणे व्यर्थ, कारण येथील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. दख्खनच्या या बेसाल्टमधील पोकळ्यांत मात्र स्टिल्बाइट, हूलँडाइट, अपोफिलाइट असे देखणे स्फटिक आढळतात. पुण्याजवळील वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. खडीसाठी सुरुंग लागला की यांपैकी कितीतरी स्फटिकांचा चुरा होतो. नमुना हाती लागल्यास गाव, खाण व दिनांक तत्काळ लिहून ठेवावा. त्याविना अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग नाही. जिप्सम नखानेही ओरखडते व पाण्यात किंचित विरघळते, म्हणून ते कोरड्या मऊ कुंचल्यानेच झाडावे.