शेंडा खुडल्यावर काय होते?

आमच्या लहानपणी गिरगावातल्या चाळीत गॅलरीच्या कठड्याला लागून तुळशी असत. कुंडी म्हणजे बहुधा डालड्याचा रिकामा डबा, तळाला खिळ्याने भोके पाडलेला. तुळस हे अनेक वर्षे जगणारे झुडूप. मोकळ्या जमिनीत ते कमरेपर्यंत सहज वाढते. डब्यात मात्र ते उंच झाले की कलंडे, आणि खालच्या मजल्यावर माती सांडली की भांडण ठरलेले. म्हणून घरातली वडीलधारी बाई दर आठ-पंधरा दिवसांनी मंजिऱ्या आणि कोवळे शेंडे खुडून टाकी. काही घरांत एकादशी, द्वादशी आणि रविवार वगळून. तुळशीची पाने समोरासमोर येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी झोपलेली असते. शेंडा गेला की त्याच्या खालच्या दोन कळ्या जाग्या होत. एका काठीच्या दोन, दोनाच्या चार, असे करत तुळस बुटकी आणि दाट होई.

हीच युक्ती दादरच्या फुलबाजारातल्या शेवंतीमागेही आहे. शेवंतीही बहुवर्षायू, आणि मोकळी सोडली तर उंच होऊन आडवी पडणारी. लावणीनंतर साधारण महिन्याने शेतकरी शेंडे खुडतो. फांद्या वाढतात, फुले वाढतात. प्रदर्शनासाठी एकच मोठे फूल हवे असेल तर माळी नेमके उलट करतो, बाजूच्या कळ्या काढतो आणि शेंडा राखतो. रोपे बुटकी ठेवणारी रसायनेही आता मिळतात. जिबरेलिन हे खोड लांबवणारे संप्रेरक तयारच होऊ द्यायचे नाही, असा त्यांचा मार्ग. कोकणात हापूसला देतात ते पॅक्लोब्युट्राझॉल त्याच जातीचे. पण ती कथा निराळी. आपण बोटांनी खुडण्यापुरतेच बोलू.

मुंबईत बागकामाची शास्त्रशुद्ध परंपरा जुनी आहे. १८३५ साली शिवडीला एका संस्थेला वनस्पतिउद्यानासाठी जमीन मिळाली. पुढे उद्यान भायखळ्याला आले आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लोकांसाठी उघडले. तीच आपली राणीची बाग. तिथल्या माळ्यांना शेंडा खुडण्याचे तंत्र ठाऊक असणारच. मात्र त्यामागचे कारण त्यांना विचारले असते, तर त्यांनाच काय, लंडनच्या कोणा प्राध्यापकालाही धड सांगता आले नसते.

कारणाचा शोध सुरू झाला तो भलत्याच प्रश्नावरून. रोप प्रकाशाकडे का वाकते? चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० च्या आपल्या पुस्तकात दाखवले की प्रकाश ‘पाहतो’ तो गवताच्या कोंबाचा शेंडा, पण वाकतो खालचा भाग. म्हणजे शेंड्यातून काहीतरी खाली उतरत असले पाहिजे. हॉलंडमधील फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांचे शेंडे कापून आगरच्या वडीवर ठेवले, तेव्हा ते ‘काहीतरी’ वडीत उतरले आणि शेंड्याविनाही कोंब वाढू लागला. १९२८ साली हे प्रसिद्ध झाले. या द्रव्याला ऑक्सिन नाव मिळाले.

कॅलिफोर्नियात केनेथ थिमान आणि त्यांचे विद्यार्थी फोक स्कूग यांनी १९३३-३४ मध्ये हे ऑक्सिन आपल्या तुळशीच्या प्रश्नाला लावले. त्यांनी घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा कापला. बगलेतल्या कळ्या वाढू लागल्या. दुसऱ्या रोपाचा शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन लावत राहिले. कळ्या गप्प बसल्या. प्रयोग इतका देखणा होता की तो पाठ्यपुस्तकांत गेला आणि तिथेच स्थिरावला: शेंड्यातून येणारे ऑक्सिन बाजूच्या कळ्यांची वाढ रोखते. एका वाक्याचे उत्तर, पूर्ण गुण.

आम्हीही बरीच वर्षे हेच सांगत आलो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “ऑक्सिनने वाढ होते ना? मग त्याच ऑक्सिनने कळीची वाढ थांबते कशी?” आम्ही ‘प्रमाण निराळे, अवयव निराळा’ असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तिला ते पटलेले नव्हते, हे चेहऱ्यावर दिसत होते. पुढे जुने निबंध चाळताना लक्षात आले की तिची शंका योग्य ठिकाणी बोट ठेवणारी होती. ऑक्सफर्डच्या रॉबिन स्नो यांनी १९३० च्या दशकातच दोन फांद्यांच्या वाटाण्यावर प्रयोग करून दाखवले होते की एका फांदीतून खाली उतरणारे ऑक्सिन दुसऱ्या फांदीची वाढ रोखते, आणि ऑक्सिन तर त्या फांदीत वर चढत नाही! पुढे किरणोत्सारी खूण लावलेले ऑक्सिन वापरले, तेव्हाही ते कळीत फारसे शिरताना दिसले नाही. म्हणजे ऑक्सिन हुकूम देते, पण निरोप्या कोणी दुसराच असला पाहिजे.

पहिला निरोप्या स्कूग यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे आला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये कायनेटिन शोधले. वाटाण्याच्या कळीला ते लावले तर शेंडा जागेवर असतानाही ती वाढू लागते, हे १९५८ मध्ये दिसून आले. हे झाले कळीला जागे करणारे द्रव्य. झोपवणारे कोणते?

त्याचा धागा आपल्या ज्वारीच्या शेतात सापडावा, ही गंमतच. टारफुला हे तण ज्वारीच्या मुळांवर जगते. त्याचे धुळीसारखे बारीक बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि जवळ मूळ आल्याची चाहूल लागली तरच रुजते. ही चाहूल देणारे द्रव्य अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९६६ साली कापसाच्या मुळांतून वेगळे केले. पण स्वतःच्या वैऱ्याला हाक मारणारे द्रव्य झाड तयार का करील? उत्तर मिळायला २००५ साल उजाडले. जपानमधील शास्त्रज्ञांनी दाखवले की ती हाक मुळात मित्रासाठी आहे, फॉस्फरस आणून देणाऱ्या बुरशीसाठी. टारफुला ती चोरून ऐकतो.

दरम्यान वाटाण्याचे काही वाण हाती आले होते, ज्यांना शेंडा न खुडताच भरमसाट फांद्या फुटत. त्यांतल्या काहींचे कलम साध्या वाटाण्याच्या मुळावर बांधले की फांद्या आटोक्यात येत. म्हणजे मुळातून ‘थांबा’ असा निरोप वर जात होता. २००८ साली एका फ्रेंच आणि एका जपानी गटाने एकाच वेळी जाहीर केले की हा निरोप म्हणजे टारफुल्याला जागे करणारी तीच द्रव्ये, स्ट्रिगोलॅक्टोने. खोडातले ऑक्सिन त्यांची निर्मिती वाढवते आणि कायनेटिनच्या कुळातल्या द्रव्यांची घटवते. शेंडा खुडला की दोन्ही गोष्टी उलटतात.

एवढ्यावरही हिशेब जुळत नव्हता. ऑक्सिन खोडातून तासाला जेमतेम एक सेंटिमीटर उतरते. शेंडा कापल्यावर त्याची टंचाई फूटभर खालच्या कळीला एका दिवसाच्या आत जाणवणारच नाही. पण कळी त्याआधीच हलू लागते. ऑस्ट्रेलियात क्रिस्टीन बेव्हरिज यांच्या गटाने २०१४ मध्ये त्याचा उलगडा केला: पहिली हालचाल साखरेमुळे होते. पानांनी केलेली साखर वाढता शेंडा ओढून घेत असतो. तो गेला की ती काही तासांतच कळ्यांकडे वळते. संप्रेरकांची गोष्ट त्यानंतरची.

हे वाचताना चाळीतली एक गोष्ट आठवली. रस्त्याकडच्या गॅलरीतली तुळस खुडली की भरून येई. आतल्या चौकाच्या बाजूची, जिथे दुपारी तासभर ऊन येई, ती कितीही खुडली तरी काटकुळीच. सावलीचे इतर परिणामही असतात, पण साखरेची तूट हे त्यातले एक कारण असावे, असे आता वाटते.

वर्गात हे पाहण्यासारखे आहे. चवळीची रोपे तीन-चार पानांची झाली की चार डबे घ्यावेत. दोन उन्हात, दोन सावलीत. प्रत्येक जोडीतल्या एकाचा शेंडा खुडावा. मुलांनी दोऱ्याने कळ्यांवर खुणा करून रोज पट्टीने मोजावे आणि तक्ता भिंतीवर लावावा. एका डब्यात एकाहून अधिक रोपे असली तर बरे, एखादे मरतेच. जून-जुलैत मात्र प्रयोग टाळावा. त्या दिवसांत उन्हातल्या डब्यालाही ऊन मिळत नाही.