केमोथेरपी : दोन सलाईनच्या मधले दिवस

कर्करोगाच्या औषधोपचाराचे काही तास रुग्णालयात जातात, उरलेले दिवस घरी. त्या दिवसांत काय घडते, कशाला घाबरू नये आणि कशाला क्षणाचाही विलंब लावू नये, याची माहिती रुग्णाइतकीच त्याच्या नातेवाइकांनाही हवी.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. जलाशयाच्या वरच्या अंगाला, थेट आहुपे गावापर्यंत, डोंगरकडेला वाड्या-वस्त्या पसरलेल्या आहेत. या भागातील कर्करुग्ण उपचारासाठी निघाला की आधी घोडेगाव, मग मंचर आणि तेथून पुणे-नाशिक महामार्गाने सुमारे ६० किलोमीटरवरचे पुणे, असा त्याचा प्रवास होतो. पुष्कळदा तो मुंबईत परळपर्यंत लांबतो. तेथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. ‘टाटाला नेले’ एवढे म्हटले, की आजार कोणता हे खेड्यापाड्यांत वेगळे सांगावे लागत नाही.

असा रुग्ण बहुधा शहरातील भावाकडे, मुलीकडे किंवा भाच्याकडे उतरतो. फाईल सांभाळणे, डॉक्टरांशी बोलणे, औषधे आणणे ही कामे शहरातील नातेवाइकांकडे येतात. सलाईन संपले की रुग्ण गावी परततो आणि उपचाराचा खरा अवघड काळ तेथे सुरू होतो. म्हणूनच केमोथेरपी समजून घेणे दोन्ही घरांना आवश्यक आहे.

केमोथेरपी म्हणजे काय?

शरीरातील पेशी ठरावीक शिस्तीने विभागतात. कर्करोगाच्या पेशी ही शिस्त मोडून वाढत राहतात. विभाजनाच्या क्रियेत अडथळा आणून अशा पेशी नष्ट करणारी औषधे देणे म्हणजे केमोथेरपी. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार शरीराच्या एका भागापुरते असतात. केमोथेरपीची औषधे मात्र रक्तावाटे बहुतेक सर्व शरीरात पोहोचतात, त्यामुळे मूळ गाठीपासून दूर गेलेल्या पेशींवरही त्यांचा मारा होतो.

ग्रामीण भागात किरणोपचाराला ‘शेक’ किंवा ‘लाईट देणे’ म्हणतात. शेक आणि केमो हे दोन वेगळे उपचार आहेत. काही आजारांत ते एकाच काळात दिले जातात, म्हणून अनेकांचा गोंधळ होतो.

या औषधांचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडते. विषारी मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन पुढे आले आणि १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात ते लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला देण्यात आले. १९४८ मध्ये बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात औषधाने तात्पुरता का होईना उतार पडतो, हे दाखवून दिले. पुढे अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधे मिळाली. सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या नरक्या या झाडातही कॅम्पटोथेसिन हे द्रव्य असते. त्याच द्रव्यापासून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे तयार झाली. अर्थात शुद्ध केलेले, मोजून दिलेले औषध वेगळे आणि झाडपाला वेगळा. सदाफुलीची पाने चावून खाणे हा उपचार नाही. ते विषबाधेला निमंत्रण ठरते.

उपचारामागचा हेतू

प्रत्येक केमोथेरपीचा हेतू सारखा नसतो. मुलांमधील रक्ताचा कर्करोग, हॉजकिन लिम्फोमा, वृषणाचा कर्करोग अशा काही आजारांत केमोथेरपी हाच आजार बरा करण्याचा प्रमुख मार्ग असतो. स्तनाच्या कर्करोगात ती शस्त्रक्रियेआधी गाठ लहान करण्यासाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर लपून राहिलेल्या पेशी मारण्यासाठी देतात. आजार दूरवर पसरला असेल, तर तो आटोक्यात ठेवणे, वेदना कमी करणे आणि आयुष्य वाढवणे एवढाच हेतू असू शकतो.

‘हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. पैसे उभे करायचे, जमीन गहाण टाकायची की नाही, किती त्रास सोसायचा, हे सारे निर्णय या उत्तरावर अवलंबून असतात. हे उत्तर ऐकण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्याला बाहेर बसवून केवळ नातेवाइकांनी ते ऐकण्याची प्रथा योग्य नव्हे.

पहिला दिवस

औषधांची निवड कर्करोगाचा प्रकार आणि टप्पा पाहून होते. बहुतेक औषधांची मात्रा उंची आणि वजनावरून काढतात, म्हणून प्रत्येक वेळी वजन केले जाते. त्याआधी रक्तातील पेशींची संख्या, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी होते. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध द्यायचे असेल, तर हृदयाची टूडी-इको तपासणीही करतात. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची कावीळ, चालू गोळ्या आणि काढे यांची माहिती लपवू नये. पुढे मूल हवे असणाऱ्या तरुण रुग्णांनी शुक्राणू किंवा स्त्रीबीज साठवण्याविषयी उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारावे. नंतर ती संधी राहीलच असे नाही.

औषध बहुधा ‘डे-केअर’ विभागात शिरेतून दिले जाते. आधी उलटी आणि ॲलर्जी रोखणारी इंजेक्शने, मग मुख्य औषध, असे एक ते सहा-सात तास लागतात. हाताच्या शिरा नाजूक असतील किंवा उपचार दीर्घ असेल, तर छातीजवळ त्वचेखाली ‘केमोपोर्ट’ बसवतात. सलाईन चालू असताना सुईच्या जागी जळजळ, सूज किंवा वेदना जाणवल्यास तत्क्षणी परिचारिकेला सांगावे. काही औषधे शिरेबाहेर गेल्यास त्वचेला गंभीर इजा करतात. श्वास कोंडणे, अंगावर पित्त उठणे हेही लगेच सांगावे. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे.

पुढील एकवीस दिवस

उपचार चक्राने दिले जातात. अनेक औषधांचे चक्र २१ दिवसांचे असते, काहींचे १४ दिवसांचे, तर काही औषधे दर आठवड्याला देतात. मधला काळ शरीराच्या निरोगी पेशी सावरण्यासाठी असतो. ही औषधे वेगाने विभागणाऱ्या सर्वच पेशींना मारतात. केसांची मुळे, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर, तसेच रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांच्या पेशीही वेगाने विभागतात. केमोथेरपीचे बहुतेक त्रास येथूनच उद्भवतात.

पहिल्या तीन-चार दिवसांत मळमळ, उलटी, थकवा आणि तोंडाची चव जाणे हे प्रमुख त्रास असतात. उलटीवरची औषधे १९९० नंतर बरीच सुधारली आहेत. मात्र ती त्रास सुरू होण्याची वाट न पाहता लिहून दिलेल्या वेळीच घ्यावी लागतात. आठवड्याच्या सुमारास तोंड येऊ शकते. मऊ ब्रश आणि मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या यांनी आराम पडतो. केस दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात. सर्वच औषधांनी ते गळत नाहीत आणि गळाले तरी उपचार संपल्यावर काही महिन्यांत बहुधा पुन्हा येतात. पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन यांनी हातापायांना मुंग्या येतात. बटण लावता येईनासे झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

अनेक उपचारक्रमांत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. बाहेरून रुग्ण सावरलेला दिसतो, पण जंतूंशी लढण्याची त्याची शक्ती याच दिवसांत क्षीण असते.

ताप ही आणीबाणी

या काळात १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो साधा ताप समजू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना झालेला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, हे अशा वेळी वैद्यकाचे उद्दिष्ट असते. पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत वाट पाहण्यात तापाचा आकडा उतरतो, संसर्ग उतरत नाही. थंडी वाजून हुडहुडी भरणे, धाप लागणे, ग्लानी येणे, सतत जुलाब किंवा उलट्या होणे, रक्तस्राव होणे ही लक्षणे ताप नसतानाही तितकीच गंभीर आहेत.

शहरात हा प्रश्न रिक्षा मिळवण्याचा असतो. जलाशयाच्या वरच्या अंगाच्या गावांत तो रात्रीच्या वाहनाचा आणि घाटरस्त्याचा होतो. त्यामुळे तयारी आधीच हवी. घरात तापमापक असावा. रात्री कोणाची गाडी मिळेल हे ठरलेले असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ठाऊक असावी. मोठे रुग्णालय दूर असेल, तर पहिले प्रतिजैविक घोडेगावच्या ग्रामीण किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात मिळू शकेल का, हे कर्करोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावे. औषधांची नावे, शेवटच्या केमोची तारीख आणि ताप आल्यास काय करावे, हे लिहिलेला कागद फाईलच्या सर्वांत वर ठेवावा. अनोळखी डॉक्टरला त्या कागदावरून काही मिनिटांत निर्णय घेता येतो.

पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने गावी न्यायची असल्यास ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात. न्यावयाच्या डब्यात बर्फ असावा, पण इंजेक्शन गोठू देऊ नये.

आहार, काढे आणि स्पर्श

ताजे आणि पूर्ण शिजवलेले अन्न हा आहाराचा पहिला नियम. मुगाची खिचडी, मऊ भात, नाचणीची पेज, उकळलेले दूध, डाळी, पूर्ण उकडलेली अंडी हे पदार्थ पचतात आणि शक्ती देतात. पाणी उकळून प्यावे. उघड्यावरचे पदार्थ, कच्ची अंडी आणि शिळे अन्न टाळावे. दूध, अंडी बंद करून केवळ फळांच्या रसावर राहण्याचा सल्ला घातक ठरतो. वजन फार उतरले तर पुढचे चक्रच पुढे ढकलावे लागते.

आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरी भागात हिरडा गोळा करणे हा आदिवासी कुटुंबांच्या उत्पन्नाचा आधार आहे आणि वनौषधींवर तेथे स्वाभाविक विश्वास आहे. परंतु केमोथेरपीची अनेक औषधे यकृतात विघटित होतात. काढ्यातील द्रव्ये त्यात अडथळा आणू शकतात. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. काढा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, चोरून घेऊ नये.

कर्करोग स्पर्शाने किंवा एकत्र जेवण्याने पसरत नाही. रुग्णाचे ताट वेगळे करण्याचे काहीही कारण नाही. काळजी घ्यायची ती एवढीच : औषधानंतर सुमारे ४८ तास लघवी, शौच आणि उलटी यांत औषधाचे अंश असतात. ती साफ करताना हातमोजे घालावेत, शौचालयात भरपूर पाणी ओतावे आणि गर्भवती स्त्रीने हे काम करू नये.

खर्च, प्रवास आणि गोळ्या

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांतील कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. २०२४ पासून या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला उपचारापूर्वीच भेटावे. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कर्करुग्णाला आणि एका सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केली. ती घराजवळ आली तर चक्रागणिक होणारी पायपीट कमी होईल.

फेऱ्या कमी करण्याचा आणखी एक मार्ग टाटा मेमोरियलमधील संशोधनाने दाखवला. डोके व मानेच्या कर्करोगाच्या, आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या ४२२ रुग्णांपैकी निम्म्यांना शिरेतून सिस्प्लॅटिन, तर उरलेल्यांना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या कमी मात्रेत देण्यात आल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान साडेसात महिने, तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे सुमारे सहा महिने होते. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते. तंबाखू आणि मिश्रीमुळे तोंडाचा कर्करोग आढळणाऱ्या महाराष्ट्रात या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. अर्थात प्रत्येक आजारात गोळ्या चालत नाहीत आणि गोळीच्या रूपातील केमोथेरपीलाही तपासण्या आणि वेळापत्रक लागतेच.

अर्ध्यावर सोडू नये

दोन-तीन चक्रांनंतर गाठ विरघळल्यासारखी वाटते, दुखणे थांबते आणि शेतीची कामे खोळंबलेली असतात. अशा वेळी ‘आता बरे वाटते’ म्हणून अनेकजण उपचार सोडतात. गाठ हाताला लागत नाही याचा अर्थ सर्व पेशी मेल्या असा नाही. उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात तेव्हा त्याच औषधांना दाद देतीलच असे नाही. त्रास असह्य झाला, तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते, तारीख पुढे नेता येते. मात्र हा निर्णय डॉक्टरांसमोर बसून व्हावा, एसटी स्थानकावर किंवा घरच्या ओट्यावर नव्हे.

पुढची तारीख, आजचे तापमान आणि रात्री लावायचा दूरध्वनी क्रमांक या तीन गोष्टी घरातील प्रत्येकाला ठाऊक असतील, तर डिंभ्याच्या जलाशयापलीकडच्या वाडीतील रुग्णही दोन सलाईनच्या मधले दिवस सुखरूप पार करू शकतो.