दिवाणखाना ते हॉल : महाराष्ट्रातील नागर घराच्या बैठकीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
समकालीन दिवाणखान्याच्या रचनेविषयी बोलताना सोफा, रंगसंगती व प्रकाशयोजना यांचीच चर्चा अधिक होते. या खोलीत कोणी बसावयाचे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. महाराष्ट्रातील नागर घरांच्या इतिहासात हाच प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे. प्रस्तुत लेखात वाडा, चाळ व सदनिका या तीन टप्प्यांच्या आधारे त्याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

वाडा :
‘दिवाणखाना’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. पेशवेकालीन वाड्यातील गादी, लोड व तक्के मांडलेला दिवाणखाना ही पुरुषांच्या कारभाराची आणि प्रतिष्ठेची जागा होती. कोणी अंगणातच उभा राही, कोणी ओसरीवर टेके, तर कोणी बैठकीपर्यंत पोहोचे. हा क्रम जात व अधिकार यांवरून ठरत असे. स्त्रियांचा वावर प्रामुख्याने माजघर व स्वयंपाकघर येथे असे. अशा प्रकारे वाड्याच्या रचनेत समाजरचनेचेच प्रतिबिंब दिसते.

चाळ :
१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतील कामगारवस्तीचा प्रश्न ऐरणीवर आला व १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) येथे एकूण २०७ चाळी उभारल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. स्वयंपाक, अभ्यास, पाहुणचार आणि झोप यांसाठी तीच एक जागा होती. त्यामुळे स्त्री-पुरुषांच्या जागांची जुनी विभागणी टिकणे शक्य नव्हते. ओसरीचे काम सामाईक गॅलरीने केले. खोली अपुरी असली तरी माणसाला बसावयास गॅलरी होती.

सदनिका :
१९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह परिसरात नव्या पद्धतीच्या इमारती उभ्या राहिल्या. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरविले. आधुनिक घर कसे असावे, याचा नमुना त्यातून नागरिकांसमोर आला. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठचे अनेक वाडे कोसळले. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने सदनिकांच्या खरेदी-विक्रीस कायद्याची चौकट दिली. या घरांत ‘हॉल’ हा शब्द रूढ झाला. माजघर नाहीसे झाल्याने गृहिणी पाहुण्यांसमवेत खुर्चीवर बसू लागली, ही या रचनेची मोठी जमेची बाजू होय. हॉलमध्ये ‘दिवाण’ आला. दिवसा बसावयास व रात्री निजावयास तो उपयोगी पडे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे घरोघरी दूरचित्रवाणी संच आल्यावर समोरासमोरची आसने हळूहळू एकाच दिशेस वळली.

निष्कर्ष :
वाड्याची बैठक निवडकांची होती, चाळीची खोली सर्वांची होती. हॉलने समता काही अंशी स्वीकारली. परंतु ओसरी व गॅलरी मात्र गमावली. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची सदनिका देण्याचे ठरले आहे. १६० चौरस फुटांत आयुष्य काढलेल्या कुटुंबापुढे स्वतंत्र हॉल सजविण्याचा प्रश्न प्रथमच उभा राहत आहे. केवळ छायाचित्रांतील नमुन्याचे अनुकरण केल्यास नव्या हॉलमध्ये वस्तू मावतील, पण दाराशी बसणारी आजी आणि सहज डोकावणारा शेजारी यांना जागा उरणार नाही. म्हणून आसन मांडण्यापूर्वी त्यावर कोण बसणार आहे, याचा विचार व्हावा. स्वयंपाकघरातील व्यक्तीस संभाषणात सहभागी होता यावे, वृद्धांसाठी दाराजवळ टेकण्यास जागा असावी आणि रात्रीच्या अंथरुणाचीही लाज वाटू नये, एवढे साधले तरी समकालीन दिवाणखाना आपल्या इतिहासाशी प्रामाणिक राहील, असे म्हणता येईल.