दाहनुकेच्या तीरावरील प्रपा

नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील या लेखात इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचा आणि दोन्ही तीरांवर सभा व प्रपा स्थापिल्याचा उल्लेख येतो. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, असे संशोधक मानतात. प्रपा म्हणजे वाटसरूस पाणी देण्याचे स्थान. आपल्या ‘पाणपोई’तील ‘पोई’ हा त्याच शब्दाचा वंशज होय. प्रपा व विहिरी देणाऱ्यांचे पुण्य अहोरात्र वाढते, असे संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तही सांगते. (याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गाईंचा व गावांचाही अभिमानाने उच्चार आहे. तेव्हा उषवदातास एकनिष्ठ उपासक ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही.)

आम्हास महत्त्वाचे वाटते ते हे की, पाणी कोठे आहे व ते सर्वांसाठी आहे, याची नोंद तेव्हा दगडावर झाली. आज डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील झऱ्यांची माहिती मुख्यतः पाणी वाहणाऱ्या आदिवासी स्त्रियांच्या स्मरणात असते. पावसाळ्यात येथे विपुल पाऊस पडतो. उन्हाळ्यात मात्र हंड्यांच्या रांगा लागतात. काळ्या पाषाणाच्या भेगाळ थरातून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि डोंगरउतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. थर ज्या बाजूस कलला असेल त्याप्रमाणे हे पाणी कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगासही मुरलेले असते. हे न पाहता झऱ्याच्या माथ्यावरच चर खणले, तर श्रम व्यर्थ जातात. म्हणून झऱ्याच्या नकाशात केवळ टिंब असून भागत नाही. पाड्याने दिलेले झऱ्याचे नाव, हंडा भरण्यास लागणारा वेळ, झरा कोणत्या महिन्यात आटतो, खडकाचा कल आणि जमीन कोणाची, हे सारे त्यात यावयास हवे.

जमिनीची नोंद आम्ही मुद्दाम सांगतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतरच्या दाव्यात तळे खासगी की नगरपालिकेचे, हाही प्रश्न उभा राहिला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले.

डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन पंचायतींकडे सोपविले, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस पाणलोट व जलस्रोत रक्षणाचा अधिकार दिला. झऱ्यांच्या नकाशाची पहिली प्रत म्हणूनच ग्रामसभेच्या दप्तरी असावी. कचेरीस दुसरी पुरे.