वापरलेल्या मासेमारी नौकेची निवड (कोकण किनारा)

वापरलेल्या मासेमारी नौकेची निवड म्हणजे पूर्वी वापरात असलेली होडी, मचवा किंवा यांत्रिक नौका खरेदी करण्यापूर्वी तिची बांधणी, तिची अवस्था, इंजिन आणि कागदपत्रे यांची केलेली पारख. कोकणात खाड्या, उपसागर आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मासेमारी करणाऱ्या लहान मच्छीमारांना नवी नौका बहुधा परवडत नाही, त्यामुळे जुन्या नौकांचे व्यवहार सातपाटीपासून मालवणपर्यंत सर्वत्र होतात. खरेदी पुष्कळदा कर्ज काढून किंवा दागिने मोडून झालेली असते. अशा व्यवहारात चूक झाल्यास पैसा बुडतो एवढेच नव्हे, तर खाडीच्या मुखाशी नौका उलटून तांडेल व खलाशी यांच्या जिवावर बेतू शकते.

पाण्याचे स्वरूप

नौका कोणत्या पाण्यासाठी हवी, हे आधी निश्चित करावे लागते. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्यांचे आतले पाणी बहुतेक काळ शांत असते; मात्र समुद्राकडे जाताना मुखाजवळील वाळूचा उथळ पट्टा ओलांडावा लागतो. ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर पडत असताना पश्चिमेकडून लाटा आत येत असतील, तर उलट्या प्रवाहामुळे लाटांची लांबी कमी होते व उंची वाढते. लाटेची उंची तिच्या लांबीच्या साधारण एक सप्तमांशापर्यंत पोहोचली की ती फुटू लागते. त्यामुळे बाहेर समुद्र बेताचा असतानाही मुखाशी पाणी खवळलेले दिसते. उधाणाच्या दिवसांत प्रवाह अधिक जोरकस असतो, भांगाच्या दिवसांत तो मंदावतो. मुंबईजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक साडेचार मीटरहून अधिक होतो. दक्षिणेकडे मालवणच्या बाजूस तो बराच कमी आहे. म्हणून उत्तर कोकणात निर्धोक ठरलेली नौका दक्षिणेत किंवा दक्षिणेतील नौका उत्तरेत तशीच उपयोगी पडेल असे गृहीत धरता येत नाही.

याखेरीज हिवाळ्याच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. पहाटे मतलई वाऱ्यावर निघालेली होडी परतताना याच वाऱ्याने उठलेल्या आखूड, उभ्या लाटांत सापडते. शांत सकाळी पाहिलेली नौका दुपारी कशी वागेल, हा खरेदीदाराच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होय.

तळाचा आकार आणि काठाची उंची

सपाट तळाची होडी उथळ पाण्यात सुखाने चालते, किनाऱ्यावर ओढून घेण्यास सोपी असते आणि उभी असताना फारशी डोलत नाही. परंतु आखूड लाटांत ती आपटते. या आपटण्याने माणसांची हाडे खिळखिळी होतातच, शिवाय फळ्यांचे सांधे आणि इंजिनाची बैठकही सैल होते. खोल, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा तळ लाट कापत जातो, मात्र त्यास अधिक अश्वशक्ती लागते आणि थांबलेल्या अवस्थेत तो दोन्ही बाजूंस झुलतो. बोटीच्या एका बाजूवरून जाळे ओढणाऱ्यांना हे झुलणे त्रासाचे ठरते. म्हणून खाडी आणि नजीकचा समुद्र असा दुहेरी वापर असल्यास नाळेकडे धारदार व मागे उथळ होत जाणारा तळ सोयीचा मानला जातो. वेगवान सहलीच्या बोटींवर खुलून दिसणारा अतिखोल तळ जाळ्याच्या कामात फारसा शोभत नाही.

पाण्यापासून काठापर्यंतची उंची नेहमी भरलेल्या नौकेवर मोजावी. रिकामी होडी किनाऱ्यावर ऐटदार दिसते. पण बर्फ, इंधन, ओली जाळी आणि मासळी चढल्यावर तिचा काठ किती खाली येतो, हे विक्रेता क्वचितच दाखवतो. तळात साठलेले पाणी किंवा सुटी मासळी नौका कलताच त्याच बाजूस धावते आणि कल आणखी वाढवते. त्यामुळे तळाचे कप्पे आडव्या फळ्यांनी विभागलेले आहेत का, हे अवश्य पाहावे. सिंधुदुर्गात आढळणाऱ्या अरुंद होड्यांना उलांडी जोडलेली असते. तेथे नौकेचा सगळा तोल उलांडीवर असल्याने तिचे बांध व आडवी लाकडे हीच प्रथम तपासण्याची वस्तू होय.

लाकडी नौकेची तपासणी

पठाण म्हणजे तळाचा कणा सरळ आहे की मध्ये उचलला गेला आहे, हे मागून एका डोळ्याने पाहिल्यास कळते. कणा वाकलेल्या नौकेची दुरुस्ती बहुधा तिच्या किमतीपेक्षा महाग पडते. पठाण व वाक यांच्या जोडाजवळ, इंजिनाच्या बैठकीखाली आणि जेथे पावसाचे गोडे पाणी साठून राहते अशा कोपऱ्यांत लाकूड आधी कुजते. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी लाकडास अधिक घातक आहे. अणकुचीदार साधनाने हलके टोचून पाहावे: सुदृढ सागवान टोक अडवतो, कुजलेला भाग ते सहज आत घेतो. समुद्रातील लाकूड पोखरणारे जीव वरून टाचणीएवढेच भोक ठेवतात व आतून फळी चाळणीसारखी करतात. म्हणून बारीक भोके दिसल्यास तो भाग हातोडीने ठोकून आवाज ऐकणे आवश्यक ठरते. खिळ्यांभोवती गंजाचे ओघळ असतील तर फळ्यांची पकड सुटत चालली आहे असे समजावे. विक्रीपूर्वी नुकताच दिलेला जाड रंग हा शंकेस पुरेसा आधार आहे.

फायबर नौकेची तपासणी

अलीकडे किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांचे प्रमाण वाढले असून ‘फायबर कुजत नाही’ अशी समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. अनेक होड्यांच्या मागच्या उभ्या फळीत, जिला बाहेरचे इंजिन टांगलेले असते, फायबरच्या आवरणाआड प्लायवूड असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरल्यास ते आतून कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन वर उचललेल्या स्थितीत धरून ते खालीवर हलवावे. फळी लवत असेल किंवा कोपऱ्यांत तडे उघडमीट करीत असतील, तर ती नौका नाकारणे इष्ट. तळावर नाण्याने ठोकीत गेल्यास सलग भाग खणखणीत वाजतो, थर सुटलेला भाग बद्द वाजतो. तळावरील फोड, एका केंद्रातून पसरणाऱ्या बारीक चिरा आणि रंगछटेतील फरक हे जुन्या धडकेचे वा दुरुस्तीचे निदर्शक असतात. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांत कोकणातील अनेक नौकांची हानी झाली होती. त्या काळात नौका कोठे होती, हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

इंजिन

इंजिन थंड असतानाच पाहावयास जावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातील अडचण लपवते. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. डिझेल इंजिनाचा निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर काळा धूर इंधन पूर्ण न जळण्याचे किंवा पंख्यावर जादा भार असल्याचे लक्षण होय. मालमोटारीचे इंजिन समुद्रासाठी बदलून बसवण्याची पद्धत प्रचलित आहे. त्यात वावगे काही नाही, परंतु थंड करण्याच्या नळ्या खाऱ्या पाण्याने खाल्ल्या आहेत का ते पाहावे. बाहेरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून तो जवळपास समान असल्याची खात्री कारागिराकडून करून घ्यावी. दांड्याला हाताने खेळ जाणवणे, पंख्याच्या कडा खाल्लेल्या असणे आणि गंज रोखणारा जस्ताचा तुकडा पूर्ण झिजलेला असणे, ही देखभाल न झाल्याची चिन्हे आहेत.

तपासणीचा हंगाम आणि पाण्यावरील चाचणी

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. या दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढून, झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवलेल्या असतात. तळ पाहण्यास याहून चांगला काळ नाही, मात्र चाचणी घेता येत नाही. म्हणून तळाची पाहणी पावसाळ्यात करून किमतीचा काही भाग नारळी पौर्णिमेनंतरच्या चाचणीपर्यंत राखून ठेवण्याचा करार उभयपक्षी न्याय्य ठरतो.

चाचणी दुपारच्या वाऱ्यात, अनुभवी तांडेलास सोबत घेऊन व अंगात जीवरक्षक जाकीट घालूनच करावी. लाटेस सामोरे जाताना आपटणे, आडव्या लाटेत झुलून पुन्हा सावरण्याचा वेग आणि मागून येणाऱ्या लाटेवर सुकाणू ताब्यात राहणे, या तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्यात. तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. मागच्या लाटेने नाळ खाली दाबली जाऊन नौका आडवी फिरते आणि तशीच उलटते. खाडीच्या मुखाशी परतताना नेमकी हीच अवस्था येते. झटकन सावरणारी नौका अस्वस्थ वाटली तरी ती स्थिर असते. कलल्यावर रेंगाळून उठणारी नौका आरामशीर वाटते, पण तिच्यात स्थैर्य कमी असल्याची शक्यता असते. परतल्यावर तळात किती पाणी आले ते मोजावे.

कागदपत्रे

नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन भिन्न बाबी आहेत. नोंदणी केंद्रीय नौवहन कायद्याखाली होते व तिचा ‘आयएनडी-एमएच’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक नौकेवर रंगवलेला असतो. परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार मत्स्यव्यवसाय विभागाकडून मिळतो. नौका विकत घेतली म्हणजे परवाना आपोआप मिळाला, असे होत नाही; विशेषतः पर्ससीन जाळ्याच्या परवान्यांवर निर्बंध असल्याने ती जाळी असलेली नौका घेताना आधी विभागात चौकशी करावी. नोव्हेंबर २००८ मध्ये पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून मुंबईवरील हल्ल्यासाठी वापरली गेली. तेव्हापासून समुद्रात नौकांची व खलाशांच्या ओळखपत्रांची तपासणी कडक झाली आहे. इंजिनावरील व नोंदणीतील क्रमांक जुळत नसतील, तर तटरक्षक दलाला किंवा सागरी पोलिसांना उत्तर नव्या मालकालाच द्यावे लागते.

अनेक नौका सहकारी संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकारी विकास निगमाच्या अथवा बँकेच्या कर्जातून बांधलेल्या असतात. कर्ज फिटल्याचा दाखला, संस्थेचे ना-हरकत पत्र, प्रलंबित दंड नसल्याची खात्री आणि विम्याची स्थिती पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. डिझेलवरील करपरतावा संस्थेमार्फत मिळत असल्यामुळे खरेदीदाराने आपल्या गावच्या मच्छीमार संस्थेत नव्या मालकीची नोंद लगेच करून घेणे सोयीचे ठरते.