पाचगणीतील ऐतिहासिक वास्तू

पाचगणी (जिल्हा सातारा, तालुका महाबळेश्वर) या गिरिस्थानावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उभारण्यात आलेले बंगले, शाळा, चर्च, आरोग्यधाम व जुना बाजार यांचा समावेश येथील ऐतिहासिक वास्तूंमध्ये होतो. यांतील बहुतेक वास्तूंचा वापर काळानुसार बदलत गेला. आज टिकून असलेल्या अनेक वास्तू या बदलामुळेच टिकल्या.

वसाहतीची स्थापना

इ.स. १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज अधिकाऱ्याने रुस्तमजी दुबाश यांच्यासमवेत या परिसराची पाहणी केली. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या पाच गावांमधील पठारी जागा त्याने वसाहतीसाठी निवडली. महाबळेश्वरला पावसाळ्यात राहणे जवळजवळ अशक्य होते. तेथून सुमारे १८ किमी पूर्वेस असलेल्या पाचगणीत पाऊस बराच कमी पडतो. त्यामुळे वर्षभर राहता येईल असे ठिकाण म्हणून, विशेषतः निवृत्त युरोपियनांसाठी, ही जागा सोयीची ठरली.

चेसनने सिल्व्हर ओक व पॉइन्सेटिया यांसारखी परदेशी झाडे लावली, तसेच शिंपी, धोबी, खाटीक, भाजीविक्रेते व बांधकामाचे कंत्राटदार यांना येथे वसवून बाजारालगत जागा दिल्या. गावाच्या इतिहासात बंगल्यांचाच उल्लेख अधिक आढळतो. पण बंगल्यांतील वास्तव्य शक्य झाले ते या बाजारामुळे. चेसनची कबर सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत आहे.

बांधकाम

स्थानिक जांभा दगडाच्या जाड भिंती, उतरती छपरे आणि रुंद व्हरांडे ही जुन्या बंगल्यांची वैशिष्ट्ये होत. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी शोषतो. म्हणून या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यापूर्वी उघड्या भिंती गवताच्या ताट्यांनी झाकण्याची पद्धत होती.

शाळा व आरोग्यधाम

कोरड्या हवेमुळे पाचगणी प्रथम आरोग्यासाठी आणि लवकरच निवासी शाळांसाठी प्रसिद्ध झाली. सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ मध्ये, तर बिलिमोरिया हायस्कूल १९०८ मध्ये सुरू झाले. मुळात युरोपियन मुलांसाठी असलेल्या येथील शिक्षणाला पारशी, हिंदू, मुस्लिम व बहाई समाजांच्या संस्थांची जोड मिळाली. १९२२ मध्ये स्थापन झालेले हिंदू हायस्कूल पुढे संजीवन विद्यालय झाले. बहाई समाजाचे न्यू एरा हायस्कूल १९४५चे आहे. सेंट पीटर्स स्कूलमध्ये १९५५ पासून फारूख बलसारा हा विद्यार्थी शिकत होता. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने गायक म्हणून जगभर ओळखला गेला.

डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर प्रभावी औषध नसलेल्या त्या काळात स्वच्छ हवा, विश्रांती व सकस आहार हाच मुख्य उपचार होता. त्यामुळे मोकळे व्हरांडे ही अशा इमारतींची वैद्यकीय गरज होती. प्रतिजैविके आल्यानंतर ही गरज संपली.

दिलखुशा

आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेतून ६ मे १९४४ रोजी सुटका झाल्यानंतर महात्मा गांधी प्रकृतिस्वास्थ्यासाठी पाचगणीस आले व ‘दिलखुशा’ या बंगल्यात राहिले. जुलै १९४४ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’चे प्रतिनिधी स्टुअर्ट गेल्डर यांनी त्यांची येथेच मुलाखत घेतली. त्याच महिन्यात त्यांनी विन्स्टन चर्चिल यांना येथून पत्रही लिहिले.

संवर्धन

केंद्र शासनाने जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. या अधिसूचनेत वृक्षतोड व बांधकामावरील निर्बंधांबरोबरच मानवनिर्मित वारसास्थळे निश्चित करून त्यांच्या जतनाचे आराखडे तयार करण्याची तरतूद आहे. मोठ्या आवारातील खाजगी बंगले हा या कामातील सर्वांत कठीण भाग आहे. पर्यटनामुळे जमिनीला आलेली किंमत जुन्या इमारतीच्या किमतीहून कितीतरी अधिक असते, आणि आवाराचे विभाजन झाले की बंगला उरला तरी त्याभोवतीची बाग, झाडी व दरीकडील मोकळी बाजू नाहीशी होते. शाळांच्या ताब्यातील वास्तूंची स्थिती त्या मानाने बरी असून त्यांपैकी अनेक आजही वर्ग व वसतिगृहे म्हणून वापरात आहेत.