मालेगावचा सुपरमॅन: अनुकरण की देशीकरण?

जून 1938 च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर जो शुस्टर यांनी मोटार डोक्यावर उचलणारा सुपरमॅन रेखाटला. पुढील चित्रकारांनी या चित्राची मांडणी वारंवार उचलली. 2006 च्या 'सुपरमॅन रिटर्न्स' या चित्रपटातही ती अवतरली. चित्रकथेच्या परंपरेत पूर्वसूरींना वाहिलेली आदरांजली बहुधा अशीच असते: रेषा, रंग आणि पवित्रा यांची पुनरुक्ती. तीत शैली टिकते. शैलीमागील प्रयोजन टिकतेच असे नाही.

या संदर्भात मालेगावचे उदाहरण विचारात घ्यावे लागते. 1869 मध्ये नाशिक जिल्हा निर्माण होईपर्यंत मालेगाव खान्देशात मोडत असे, आणि धुळ्याशी ते आग्रा रस्त्याने आजही जोडलेले आहे. यंत्रमागांच्या या शहरात शेख नासिर यांनी सुपरमॅनवर विडंबनपट रचला आणि नायकाची भूमिका शफीक शेख या कृश यंत्रमाग कामगाराला दिली. त्याच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी 2008 मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला.

परकीय प्रभाव स्थानिक परंपरेत रिचवण्याची प्रक्रिया, म्हणजे देशीकरण, भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादी मांडणीत महत्त्वाची आहे. मालेगावात ती शरीराच्या पातळीवर घडते. शुस्टर यांनी सर्कशीतील बलदंड मल्लाचा वेष नायकाला चढवला होता. येथे तोच वेष कामगाराच्या हाडकुळ्या देहावर येतो आणि खलनायक तंबाखू व अस्वच्छतेचा पुरस्कर्ता ठरतो.

हे केवळ विडंबन नव्हे. शुस्टर आणि लेखक जेरी सीगल हे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील तरुण. दोघांचेही वडील शिवणकामाच्या व्यवसायातले. केवळ 130 डॉलरना त्यांनी हक्क विकलेला आरंभीचा सुपरमॅन पत्नीला मारहाण करणाऱ्या नवऱ्याशी, भ्रष्ट राजकारण्याशी आणि बेपर्वा खाणमालकाशी झुंजत होता. परग्रहावरील शत्रू पुढे आले.

मालेगावकरांपुढे शुस्टर यांची पाने नव्हेत, तर हॉलिवूडचा पडदा होता. त्यामुळे येथे प्रभावाचा थेट धागा दाखवता येत नाही. साम्य आहे ते परिस्थितीचे. तथापि कापडावर जगणाऱ्या दोन समाजांनी दुर्बळांच्या कैवाऱ्याची कल्पना करावी, यात योगायोगापलीकडचे काही आहे. रेषेशी इमान न राखताही मूळ प्रयोजनाशी इमान राखता येते, हे समीक्षेने येथून शिकावे.